‘त्याला काय कळतंय?’

आई गेली हे त्याला सांगायचं का? सांगितलं तर झेपेल का? स्मशानात न्यायचं, की तेवढा वेळ शेजारच्या काकूंकडे बसवायचं? घरातलं कोणी गेलं की काही घरांमध्ये हे प्रश्न जिन्यात, दबक्या आवाजात विचारले जातात. ज्याच्याविषयी ते विचारले जातात तो चाळिशीचा माणूस असतो, जन्मापासून बौद्धिक अक्षमता असलेला. भटजी, तिरडी, फोन, येणारेजाणारे या गडबडीत तो आतल्या खोलीत पलंगावर बसून असतो आणि त्याच्या हातात कोणीतरी बिस्किटाचा पुडा दिलेला असतो. उत्तर बहुधा एखादे मामा किंवा काका देऊन टाकतात: "राहू दे. त्याला काय कळतंय?"

या प्रकरणात आपण ते उत्तर तपासणार आहोत. अशा माणसाला मृत्यूबद्दल काय कळतं? जे कळत नाही त्याचंही दुःख होतं का? आणि ‘मला आईची आठवण येते’ एवढं वाक्यही ज्याला जुळवता येत नाही, त्याने ते दुःख बाहेर काढायचं कसं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः चित्र, कापड, गाणं आणि नाटक यांत सापडतं, म्हणून प्रकरणाचा मोठा भाग त्यावरच आहे.

1. हा प्रश्न आता का पडतो

बौद्धिक अक्षमता म्हणजे शिकणं, विचार करणं, रोजचे व्यवहार सांभाळणं यांत लहानपणापासून असलेली आणि आयुष्यभर राहणारी मर्यादा. डिस्लेक्सिया वेगळा. त्यात बुद्धी शाबूत असते, वाचन-लेखन अडतं. डाउन सिंड्रोम हे बौद्धिक अक्षमतेचं आपल्या ओळखीचं एक कारण, पण एकमेव नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण पुष्कळदा मूलच आईवडिलांच्या आधी जात असे. अमेरिकेत 1983 साली डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्या आसपास होतं. आज ते 60च्या घरात आहे. हृदयातली जन्मजात भोकं बुजवता येऊ लागली, प्रतिजैविकांनी छातीचे संसर्ग आटोक्यात आले, आणि मुलांना संस्थांत टाकून देण्याऐवजी घरी वाढवलं जाऊ लागलं. आपल्याकडेही अशी मुलं आता पन्नाशी गाठताना दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. तिच्यामुळे एक नवं काम मात्र आपल्यापुढे आलं आहे: पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला पंचाहत्तरीतल्या आईचा मृत्यू पार करायचा आहे.

घरंही बदलली. रेल्वेच्या वीजकेंद्राभोवती, रेल्वे क्वार्टरांत आणि चाळींत वाढलेलं डोंबिवलीशेजारचं ठाकुर्ली आता टॉवरचं झालं आहे. चाळीत आई गेली तरी उघड्या दारातून दहा जणी आत डोकावत. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये सगळा भार एका बहिणीवर किंवा एका वहिनीवर येतो, आणि बहीण असेल तर तिची स्वतःची आईसुद्धा त्याच दिवशी गेलेली असते.

2. मृत्यू कळतो म्हणजे काय कळतं

मृत्यूची समज एकसंध नसते. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या अमेरिकन अभ्यासकांनी 1984 साली मुलांवरचं संशोधन एकत्र करून तिचे भाग वेगळे केले. गेलेलं माणूस परत येत नाही, हा एक भाग. त्याचं शरीर चालायचं थांबतं, म्हणजे त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, चटका बसत नाही, हा दुसरा. आणि हे प्रत्येकाला कधी तरी लागू होतं, हा तिसरा. बहुतेक मुलांना सातव्या वर्षापर्यंत हे तिन्ही उमगतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढाला यातला एखादा पक्का कळलेला असतो आणि दुसरा मुळीच नाही, असं पुष्कळदा आढळतं.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण अशा घरांत वावरलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. ठाकुर्ली पूर्वेला राहणारा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून आपणही दादा म्हणू. दादाला आई मेली हे माहीत आहे, विचारलं तर तो सांगतोही. पण दिवाळीला आई येईल, असंही तो सांगतो. चितेवर आईला भाजलं का, हे तो बहिणीला वीसदा विचारतो. म्हणजे पहिला आणि दुसरा भाग अजून कच्चा आहे. बहिणीला वाटतं, सांगून उपयोग नाही, याच्या डोक्यात काही राहत नाही. खरं तर दादा वीसदा विचारून तोच कच्चा भाग पक्का करू पाहतो आहे.

आणि हे सगळं मुळीच न कळणाऱ्या माणसाचं काय? ज्याला बोलता येत नाही, मृत्यू हा विचारच ज्याच्या आवाक्यात नाही, त्याच्याही अंगावर रोज सकाळी एकच हात फिरत होता. त्याच्या घासाचा आकार त्या हाताला माहीत होता. तो हात आता येत नाही. दुःख व्हायला मृत्यूची व्याख्या यावी लागत नाही.

लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स आणि सहकारी एस्टरहाउझेन यांनी 1997 साली या विषयावरचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई किंवा वडील गमावलेले बौद्धिक अक्षम असे 50 प्रौढ त्यांनी घेतले, आणि तसेच पण असा मृत्यू न अनुभवलेले 50. पहिल्या गटात चिंता, उदासी आणि बिघडलेली वागणूक लक्षणीय जास्त आढळली. मला त्याहून जास्त टोचतं ते त्यांचं दुसरं निरीक्षण: सांभाळणाऱ्या माणसांनी हा बदल मृत्यूशी फारसा जोडलेलाच नव्हता.

3. न रडलेलं दुःख

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही, पण गाडी गेली की फलाट हादरतो. अशा प्रौढांचं दुःख पुष्कळदा असंच असतं. तो रडला नाही, जेवला, टीव्ही पाहिला, म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो. दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी, काहीतरी हलायला लागतं.

दादा आता बहिणीकडे खंबाळपाड्याला राहतो. रोज संध्याकाळी सहाला तो चपला घालून दाराशी उभा राहतो. अडवलं की ओरडतो, एकदा त्याने बहिणीच्या हाताला चावा घेतला. सगळे म्हणतात, हट्टी झालाय, लाडावलाय. कोणाच्या लक्षात येत नाही की गेली पंधरा वर्षं सहा वाजता आई त्याला घेऊन स्टेशनबाहेर भाजी आणायला जात होती आणि पिशवीचा एक बंद त्याच्या हातात असे.

एकटक बसून राहणं, अंथरूण ओलं करणं, जेवण नाकारणं किंवा अधाशासारखं खाणं, आईची वस्तू लपवून ठेवणं, स्वतःला मारून घेणं, येत असलेली कामं विसरणं, ही सगळी दुःखाची रूपं असू शकतात. शिवाय दादाने केवळ आईच गमावलेली नाही. खोली गेली, पलंग गेला, ओळखीचा किराणावाला गेला, सकाळच्या चहाची चव गेली. बहिणीने आई गमावली, पण तिचं घर तेच राहिलं. दादाचं सगळंच एका आठवड्यात बदललं.

समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्याविषयी अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली लिहिलं. सांत्वनाला आलेले लोक बहिणीजवळ बसतात, भावोजींशी बोलतात आणि दादाच्या डोक्यावरून हात फिरवून निघून जातात. ब्रिटनमध्ये मॉरीन ऑसविन यांनी अशाच माणसांवर पुस्तक लिहिलं ते 1991 साली, आणि त्याचं नाव ठेवलं ‘मला रडायची परवानगी आहे का?’

4. आधी खरं सांगायचं

चित्र-गाण्याकडे वळण्याआधी एक पायरी आहे आणि ती गाळता येत नाही. माणसाला खरं सांगितलेलं असलं पाहिजे. आई गावाला गेली असं सांगितलेल्या माणसाच्या हाती रंग दिले, तर तो तिच्या परतीची वाट रंगवेल.

‘देवाघरी गेली’ हे आपण प्रेमाने म्हणतो. पण शब्दाला शब्द धरून चालणारा माणूस दुसऱ्या दिवशी देवळाकडे ओढ घेतो, किंवा देवावर चिडतो. ‘झोपली’ म्हटलं तर त्याला रात्रीची झोप नकोशी होते. म्हणून सरळ सांगावं: "आई वारली. तिचं हृदय बंद पडलं. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही. मला फार रडू येतंय." शेवटचं वाक्य गाळू नये. दुःखी असणं चालतं, हे त्याला आपल्या चेहऱ्यावरूनच कळतं. परंपरेतलं बाकीचं, देव, आत्मा, पुढचा जन्म, घरची श्रद्धा असेल तसं नंतर सांगता येतं.

लंडनमधल्या संशोधक परिचारिका आयरीन टफ्री-वाइन यांनी वाईट बातमी सांगण्याची पद्धत मांडली आहे, तिचा गाभा असा की एकाच बैठकीत सगळं सांगायचं नसतं. माणसाजवळ आधीच असलेल्या माहितीला लहान लहान तुकडे जोडत जायचं. आज ‘आई फार आजारी आहे’, उद्या ‘डॉक्टरांना तिला बरं करता येत नाही’. वीसदा विचारलं तर वीसदा त्याच शब्दांत सांगायचं.

अंत्यविधीला न्यावं का? त्याला विचारावं, काय दिसेल ते आधी सांगावं, आणि एक माणूस केवळ त्याच्यासाठी नेमावा. त्याला नको झालं तर त्या माणसाने त्याला बाहेर आणावं. आपले विधी या कामाला फार उपयोगी आहेत, असं माझं ठाम मत आहे. दर्भ धरायचा असतो, पाणी सोडायचं असतं, भाताचा पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहायची असते. सगळं हाताने करायचं, डोळ्यांनी दिसणारं. दहाव्याला दादाला घाटावर नेलं आणि द्रोण त्याच्या हातात दिला तर त्याला जे उमगेल, ते दहा वाक्यांनी उमगणार नाही.

5. हाताला काम दिलं की

कला इथे नेमकं काय करते? बोलण्यासाठी आठवणीला शब्दांत बसवावं लागतं, क्रम लावावा लागतो, आणि ऐकणाऱ्याच्या वेगाने चालावं लागतं. बौद्धिक अक्षमतेत हीच तिन्ही कामं जड जातात. रंगवताना, शिवताना, गाताना क्रम आपला आपण ठरवता येतो, थांबता येतं, तेच पुन्हा करता येतं. शिवाय तयार झालेली वस्तू समोर राहते. तिच्याकडे बोट दाखवता येतं.

आपल्याकडे हे नवं नाही. जात्यावर बसलेल्या बायांनी आईवडिलांच्या, भावाच्या मरणाचं दुःख ओवीतच तर सांगितलं. दोन्ही हात खुंट्याला, डोळे पिठावर आणि तोंडाने गाणं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. समोरासमोर बसून ‘तुला काय वाटतं?’ असं त्या बायांना कोणी विचारलं असतं, तर त्यातलं कितीसं बाहेर आलं असतं?

शब्दांशिवायची पुस्तकं. शीला हॉलिन्स आणि लेस्टर सायरलिंग यांनी 1989 साली वडिलांच्या मृत्यूवर एक आणि आईच्या मृत्यूवर एक अशी दोन चित्रपुस्तकं केली. गोष्ट पूर्णपणे चित्रांत आहे. दवाखाना, मृत्यू, अंत्ययात्रा, रिकामं घर, आणि नंतरचे दिवस. वाचणारा पान उलटतो आणि जिथे थांबायचं तिथे थांबतो. आपल्याला हे घरी करता येतं आणि ते जास्त नेमकं होतं, कारण त्यात आपली तिरडी असते, आपलं तुळशीवृंदावन असतं, हार घातलेला फोटो असतो. जाड कागदाची आठ-दहा पानं घ्यायची. आई भाजी निवडते आहे, आई रुग्णालयात आहे, आई वारली, लोक आले, दहावा, दादाची पेटी भरली, बहिणीचं घर. चित्रं येत नसतील तर फोटो चिकटवायचे. ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. पान उलटायचं काम त्याचं.

गोधडी. माझ्या मते आपल्याकडच्या घरासाठी याहून चांगलं साधन नाही. आईच्या जुन्या सुती साड्या काढायच्या. कापण्याआधी विचारायचं: ही कापू का? नाही म्हणाला तर ती साडी घडी करून बाजूला ठेवायची. एखादी साडी न धुता बंद पिशवीत ठेवावी, कारण तिचा वास हीच तिची किंमत आहे. मग हातभर लांबीरुंदीचे तुकडे. चार थर एकावर एक घालून कडेला बहिणीने कच्चे टाके घालावेत. दादाला मोठ्या नाकाची दाभणासारखी सुई आणि जाड दोरा द्यावा, आणि खडूने एक रेघ मारून द्यावी. धावदोरा घालायचा: सुई खाली, सुई वर, ओढ. रेघ सोडून टाका गेला तरी उसवायचा नाही. एका बैठकीत एक ओळ पुरे.

टाके घालताना काय होतं ते पाहण्यासारखं असतं. आधी काहीच नाही, नुसतं सुईकडे लक्ष. मग बोट कापडावर थांबतं. "ही साडी गणपतीत." पुन्हा चार टाके. "आईचा पाय सुजला." बहिणीने मान न वर करता ‘हो, सुजला होता’ एवढं म्हणावं. डोळ्याला डोळा नसतो म्हणून बोलणं सोपं जातं, आणि गप्प राहिलं तरी काही बिघडत नाही, कारण हात चाललेला असतो. कधी तो सुई टाकून उठून जाईल. जाऊ द्यावं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या अभ्यासकांनी 1999 साली मांडलं की शोक करणारं माणूस दुःखाकडे जातं, मग तिथून उठून रोजच्या व्यवहाराकडे येतं, मग पुन्हा दुःखाकडे जातं. ही ये-जा हीच निरोगी रीत. उठून जाणं म्हणजे काम फसलं असं नाही.

गाणं आणि ताल. आई ज्या आरत्या, जी अंगाईगीतं, रेडिओवरची जी गाणी म्हणत असे ती गोळा करावीत. शब्द न येणारे पुष्कळ जण सूर धरतात, आणि सूर न धरणारे ताल धरतात. डफली, टाळ, किंवा उपडं घमेलं चालतं. आज कसं वाटतंय ते वाजवून दाखव, असं सांगितलं की काही जण इतक्या जोरात वाजवतात की ऐकणारा दचकतो. त्यांना थांबवू नये. आपणही तसंच जोरात वाजवून उत्तर द्यावं, मग हळूहळू आपला हात सावकाश करावा. बहुतेक वेळा त्याचाही होतो.

नाटक. मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाळे’ने अपंग आणि मतिमंद मुलांबरोबर वर्षानुवर्षं नाटकं केली, आणि या मुलांना भूमिका धरता येते, ती बदलता येते, हे मराठी प्रेक्षकांना दाखवून दिलं. लंडनमध्ये नोएल ब्लॅकमन या नाट्योपचार करणाऱ्या बाईंनी शोकग्रस्त बौद्धिक अक्षम प्रौढांसोबत काम केलं आणि 2003 साली त्यावर पुस्तक लिहिलं. दादाच्या बाबतीत नाटक अगदी छोटं असू शकतं. संध्याकाळी सहाला आईची पिशवी काढायची. बहिणीने विचारायचं, "दादा, आज काय आणायचं?" आणि दोघांनी खरोखर भाजी आणायला जायचं, पिशवीचा एक बंद त्याच्या हातात. आई कशी घासाघीस करायची ते तो करून दाखवेल. वाटेत आईबद्दल बोलता येईल. चाव्याचं कारण कळलं की उपाय बहुतेक वेळा एवढा साधा असतो.

आता गटाचा नमुना. एखाद्या कार्यशाळेत, म्हणजे शाळा संपलेल्या प्रौढांना जिथे काम शिकवतात तिथे, कोणी ना कोणी गमावलेले पाच-सहा जण सहज निघतात. आठवड्याचा एक ठरलेला वार घ्या आणि दीड तास. सुरुवात नेहमी त्याच गाण्याने. मग ज्याचा त्याचा फोटो मध्ये ठेवायचा आणि ज्याला जमेल त्याने नाव घ्यायचं. पुढची चाळीस मिनिटं एकच काम, माती किंवा रंग किंवा गोधडी. मग चहा, आणि चहा घाईत उरकायचा नाही, कारण सगळ्यात मोलाचं बोलणं तिथेच होतं. शेवटी पुन्हा तेच गाणं. जो दुसऱ्याच्या आईचा फोटो पाहतो त्याला तिसरा भाग, म्हणजे हे सगळ्यांच्या बाबतीत घडतं, आपोआप कळायला लागतो. "याचीपण आई मेली," हे एका बौद्धिक अक्षम माणसाने दुसऱ्याबद्दल म्हणणं हे शिक्षण कोणत्याही तज्ज्ञाला देता येणार नाही.

6. काय करू नये

‘किती छान काढलंस!’ म्हणू नये. कौतुक ऐकलं की तो पुढच्या वेळी छान काढायला जातो आणि खरं काढायचं राहून जातं. त्यापेक्षा दिसतं ते बोलावं: "इथे खूप काळा रंग आहे." चित्राचा अर्थ आपण लावू नये. काळा रंग म्हणजे दुःखच असं काही नाही, कधी तो आईच्या केसांचा असतो. चित्रात आपण हात घालू नये, हसरं तोंड काढून देऊ नये. मुंबईच्या ‘ओम क्रिएशन्स’सारख्या संस्थेत बौद्धिक अक्षम स्त्रिया विकाऊ वस्तू बनवतात. तिथे सफाई हवीच, गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं. शोकाच्या कामात सफाईला काही स्थान नाही.

या वस्तू प्रदर्शनात मांडू नयेत आणि व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. त्या त्याच्या आहेत. त्याने फाडून टाकल्या तरी चालतील.

आणि प्रत्येक बदल दुःखाच्या खात्यावर टाकू नये. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा विकार वारंवार आढळतो, आणि अल्झायमर चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. सुस्ती, विसराळूपणा, कामं सुटत जाणं ही त्यांचीही लक्षणं आहेत. म्हणून रक्ततपासणी आणि डॉक्टर आधी. खाणं थांबलं, वजन झपाट्याने उतरलं, तो स्वतःला इजा करू लागला किंवा रात्ररात्र झोपेना झाला, तर घरगुती गोधडीवर विसंबून राहू नये. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था लोकलच्या अंतरावर आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून चालू आहे आणि थकलेल्या बहिणीनेही ती वापरावी. नृत्य आणि हालचालींतून उपचार करणारे प्रशिक्षित लोक आता आपल्याकडे तयार होत आहेत. त्रिपुरा कश्यप यांनी भारतात त्याचा पाया घातला. घरी केलेलं काम आणि असा प्रशिक्षित उपचार यांत फरक आहे, आणि गुंता मोठा असेल तर दुसराच हवा.

7. आई असतानाच

या विषयावर काम करणारे बहुतेक जण एका गोष्टीवर सहमत आहेत: तयारी मृत्यूच्या आधी सुरू व्हावी. आपल्याकडच्या आईवडिलांना ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा प्रश्न रात्री जागवतो, पण तो मुलाच्या समोर काढला जात नाही.

ठाकुर्लीच्याच परिसरात या प्रश्नाला पालकांनीच एक उत्तर शोधलं. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ आहे, प्रौढ मतिमंद मुलांसाठी पालकांनी एकत्र येऊन उभारलेलं निवासी घर. अशा घराचा मोठा फायदा हा की आईवडील असतानाच मुलगा तिथे रुळतो. म्हणजे त्यांच्यापैकी कोणी गेलं तर पलंग, मित्र आणि जेवणाची वेळ तीच राहते. निवासी घरांत एक काळजी मात्र घ्यावी लागते. बातमी फोनवर येते, विधी दूर कुठेतरी उरकतात, आणि रहिवाशाच्या डोळ्यांसमोर काहीच घडत नाही. तिथे फोटोला हार घालणं, रहिवाशांनी मिळून रोप लावणं, पितृपक्षात त्याच्या आईच्या नावाने पान वाढणं, हे संस्थेने जाणीवपूर्वक करायला हवं.

कागदपत्रांचंही याच काळात उरकावं. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 सालचा. त्याखाली बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो आणि तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. आई गेल्यावर शोकात असलेल्या बहिणीने या खेपा घालाव्यात, यापेक्षा आईनेच आधी घालणं बरं.

आणि आईने दादाबरोबर बसून एक वही करावी. शाळेतली दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर दोघांचा फोटो. मग त्याला कोणता शर्ट आवडतो, वरणात किती गूळ लागतो, कुत्र्याची भीती कधीपासून, वीज गेली की तो काय करतो. दोघांच्या तळहातांचे ठसे, हळदीत किंवा रंगात बुडवून, शेजारी शेजारी. मोबाइलवर आईच्या आवाजात त्याची हाक आणि एखादं गाणं ध्वनिमुद्रित करावं, आणि ते दोन माणसांकडे जपून ठेवावं, कारण मोबाइल बिघडतात. ज्याच्याकडे तो पुढे राहणार आहे त्याच्याकडे आतापासून महिन्यातून एक रात्र मुक्कामाला जावं आणि त्या घराचीही पानं वहीत यावीत: तिथलं न्हाणीघर, तिथली खिडकी, तिथली खुर्ची.

आई गेल्यावर ही वही कपाटाच्या वरच्या खणात ठेवू नये. बाहेरचं कोणी दादाला सांभाळायला आलं तर त्यांनी आधी ती त्याच्यासोबत बसून वाचावी. तिच्यात पुढची पानं घालायची असतात, त्यातलं पहिलं पान आईच्या फोटोचं आणि तारखेचं, आणि ते दादाने स्वतः चिकटवायचं असतं. डिंक जास्त लागला तरी चालेल.